बालवाचन आणि संभाषण

ह्या लेखाचें निमित्त एक चूक आहे, व ती चूक आमची आहे. मुलांच्या वाचनासंबंधीं कांहीं कागद चाळीत असतां त्यांत सोनाळ्याच्या एका संस्थेचा उल्लेख आमच्या पाहण्यांत आला. मुलांचे लहान लहान गट करून, एखादी गोष्ट वाचावी व तिच्याविषयीं त्यांस आपसांत बोलूं द्यावें, असा त्या संस्थेचा उद्योग. आमचें मन तत्काळ वऱ्हाडांत गेलें. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, अंबाबरव्याच्या अरण्याच्या तोंडाशीं सोनाळा म्हणून गांव आहे. सोनाजी महाराजांचें स्थान म्हणून तें पंचक्रोशींत सर्वांस ठाऊक आहे. अशा आडबाजूच्या गांवीं हा उद्योग चालला आहे हें वाचून आम्हांस मोठा संतोष झाला, व तो आम्हीं एका स्नेह्यांजवळ बोलून दाखविला. ते हंसले. संस्था आहे ती सोनाळे येथें. तें गांव वाडा तालुक्यांत, म्हणजे २०१४ सालीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळ्या काढलेल्या पालघर जिल्ह्यांत. एकाचें नांव सोनाळा, दुसऱ्याचें सोनाळे. पण विभक्तीचा प्रत्यय लागला कीं दोहोंचें रूप एकच होतें, आणि मधला सगळा खानदेश व नाशिक त्या एका प्रत्ययांत नाहींसा होतो!

अक्षर न् अक्षर आम्हीं बरोबर वाचलें होतें. अर्थ मात्र चुकला. आणि चुकला हें कळलें तें पुन्हां वाचून नव्हे, तर बोलून. पन्नास वर्षें वाचनांत घालविलेल्या माणसाची ही गत, तर सात-आठ वर्षांच्या मुलास एकट्यानें पुस्तकासमोर बसवून, तूं वाच व तूंच समजून घे, असें सांगणें कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न त्यानंतर आमच्या मनांतून जाईना. मग आम्ही मागें पाहूं लागलों. वाचन आणि बोलणें ह्यांची आपल्याकडे फारकत केव्हां व कशी झाली, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

आपल्याकडे वाचन ही मुळांत चारचौघांत करावयाची गोष्ट होती. वऱ्हाडांत काय किंवा देशावर काय, चातुर्मासांत देवळांत नाहींतर कोणाच्या ओसरीवर पोथी लागे. अजूनहि कोठें कोठें लागते. श्रीधरस्वामींचा हरिविजय (१७०२) किंवा पांडवप्रताप (१७१२) समोर असावा. एकानें ओव्या वाचाव्या, दुसऱ्यानें त्यांचा अर्थ सांगावा. ऐकणारांतील कित्येकांस अक्षरओळखहि नसे. पण त्यांच्या तोंडास कुलूप नसे. कर्णाचें चुकलें कीं दुर्योधनाचें, ह्यावर अर्थ सांगणारास थांबवून वाद घालण्याचा अधिकार ओसरीच्या कडेला बसलेल्या म्हातारीलाहि होता. पारायणाची गोष्ट निराळी. शेगांवास गजाननविजयाचें पारायण करणारे भाविक अखंड वाचीत असतात. तेथें मध्यें थांबून कोणी चर्चा करूं लागला तर तें योग्य होणार नाहीं. पारायणाचा हेतु वेगळा व तो आपल्या ठिकाणीं उचितच आहे. परंतु पोथी व पारायण हे दोन भिन्न प्रकार आहेत, आणि शाळेनें ह्यांपैकीं कोणता उचलला हें पुढें दिसेलच.

ह्या परंपरेचें मूळ शोधावयास वऱ्हाडाबाहेर जावें लागत नाहीं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमरावतीकडील रिद्धपूर येथें म्हाइंभटांनीं लीळाचरित्राचें काम केलें. चक्रधरस्वामींच्या शिष्यांस गांठावें, प्रत्येकाची आठवण विचारावी, ती दुसऱ्याच्या आठवणीशीं ताडून पाहावी, आणि मेळ बसला नाहीं तर भिन्न आठवणीहि जपून ठेवाव्या, अशी त्यांची रीत होती. ज्या बोलण्याचा हा ग्रंथ झाला तें बोलणेंहि मूठभर मंडळींतलेंच. त्यांत महदाइसा सारखी प्रश्न विचारी. स्वामी तिच्या जिज्ञासेचें कौतुक करीत. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ प्रश्नोत्तरांतून निघाला, ही गोष्ट आमच्या मतें शाळामास्तरांनीं भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

आतां शाळेकडे वळूं. पंतोजीच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षरें गिरवणें, पावकी-निमकीपर्यंत पाढे म्हणणें, सायंकाळचा परवचा, आणि मोठ्या मुलांस मोडी कागद लागेल इतकें वाचन, एवढा क्रम असे. हिशेबी माणूस घडविण्यास तो पुरेसा होता, आणि त्यास उगाच हंसण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस मान्य नाहीं. त्या शाळांतील एका गुणानें तर विलायतेसहि शिकविलें. डॉ. अँड्र्यू बेल हे मद्रासेस १७८९ सालीं उघडलेल्या एका अनाथाश्रमाचे अधीक्षक होते. एतद्देशीय शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतात हें त्यांनीं पाहिलें, तो प्रकार आपल्या आश्रमांत आणिला, आणि त्याच्या जोडीस वडील मुलांकडून लहानांस शिकविण्याची पद्धत बसवून १७९७ सालीं लंडनास तीवर पुस्तक छापिलें. पुढें जोसेफ लँकेस्टर यांनीं तशाच पद्धतीचा मोठा गाजावाजा केला, आणि तीच वस्तु विलायती शिक्का घेऊन मुंबई इलाख्याच्या शाळांत परत आली. तिच्यांत मुलांचे लहान गट होते, प्रत्येक गटावर एक मॉनिटर होता. वरवर पाहणारास वाटेल कीं आज ज्याला आपण गटचर्चा म्हणतों ती हीच. पण मॉनिटरापाशीं एकच उत्तर असे आणि तें गटांतील प्रत्येकाकडून वदवून घेणें हेंच त्याचें काम. गट लहान झाला, संभाषण झालें नाहीं. हा भेद लक्षांत ठेवावा. कारण हल्लींहि पुष्कळ ठिकाणीं पांच मुलांस गोल बसविलें म्हणजे कार्य झालें असें समजण्यांत येतें.

सन १८२२ मध्यें मुंबईस शाळा व शाळेचीं पुस्तकें ह्यांसाठीं सोसायटी निघाली. तिच्या आश्रयानें सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनीं १८२८ सालीं बाळमित्र हें पुस्तक मराठींत आणिलें. मूळ पुस्तक बर्कें नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराचें, १७८२-८३ मधलें. इंग्रजीवरून तें मराठींत आलें. ह्या पुस्तकाची मौज अशी कीं, त्यांत ठिकठिकाणीं आईबाप व मुलें एकमेकांशीं बोलत असतात. म्हणजे मराठी मुलासाठीं छापलेल्या अगदीं आरंभींच्या पुस्तकांतच घरांतलें संभाषण होतें. त्याच वर्षीं छत्रे यांची इसापनीतीहि निघाली. इसापाच्या गोष्टीखालीं तात्पर्य छापण्याची चाल आपल्याकडे अशी रुजली कीं तात्पर्यावांचून गोष्ट म्हणजे बुडावांचून भांडें असें वाटूं लागलें. वस्तुतः तात्पर्य हें भांड्याचें बूड नव्हे, झांकण आहे. कोल्हा द्राक्षांस आंबट म्हणाला तो खोटें बोलला कीं मनाची समजूत घालीत होता, हें मुलांनीं बोलावयाचें. तों पुस्तकानेंच निकाल देऊन टाकिला.

मोठ्या मुलांचें नशीब त्या मानानें बरें. १८४८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं साहित्य व शास्त्र ह्यांच्या चर्चेसाठीं सभा काढिली. तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा ह्या नांवानें प्रसिद्ध झाल्या. निबंध वाचावा, त्यावर इतरांनीं बोलावें, असा तेथील क्रम होता. दादाभाई नौरोजी ह्याच मंडळींतले. वाचलेल्यावर बोलल्यानें माणूस तयार होतो हें त्या पिढीस उत्तम कळलें होतें. मात्र तें विशीच्या तरुणांस लागू आहे, आठ वर्षांच्या मुलास नव्हे, अशी समजूत राहिली.

ती समजूत दृढ केली तपासणीनें. इंग्लंडांत १८६२ पासून परीक्षेच्या निकालावर शाळेस पैसे देण्याचा नियम झाला. इन्स्पेक्टरासमोर मुलानें नेमलेल्या पुस्तकांतील उतारा वाचावा, कीं शाळेचें अनुदान पदरांत पडलें. मॅथ्यू आर्नल्ड हे कवि स्वतः इन्स्पेक्टर होते. मुलें पुस्तक वाचीत नाहींत, तें पाठ करून येतात, अशी त्यांची तक्रार होती. आपल्याकडेहि निकालावर अनुदान देण्याची ती रीत आली, आणि डेपुटीसाहेब येण्याच्या आधीं महिनाभर शाळेंत धडा घोकण्याचा घोष चाले. पुस्तक पोथीचें, पण वाचण्याची रीत पारायणाची, असा तो प्रकार. साहेब गेले, इंग्रजी राज्य गेलें, १८५३ पासून परक्या कारभाराखालीं असलेला वऱ्हाड १९६० सालीं महाराष्ट्रांत नांदूं लागला, घोष राहिला. आमच्याच वर्गांत एक मुलगा पुस्तक उलटें धरून सबंध धडा बिनचूक म्हणत असे. त्याचें वाचन वर्गांत उत्तम गणलें जाई, आणि आम्हां बाकीच्यांस त्याचा हेवा वाटे.

हा घोष सुटला तो पुष्कळ वेळां शाळेच्या भिंतीबाहेर. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरास शिक्षक होते. वसतिगृहांतील मुलांसाठीं ते हातानें दैनिक लिहीत, आणि मुलांच्या सकाळच्या बोलण्यास त्यांतून विषय मिळे. पुढें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं श्यामची आई लिहिली. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें हें पुस्तक आपण सर्वांनीं वाचलें आहे, पण त्याच्या रचनेकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. त्यांत प्रकरणें नाहींत, रात्री आहेत. आश्रमांतील मित्र रात्रीं जमतात, श्याम आठवण सांगतो, आणि सांगण्याच्या आधीं व नंतर ते मित्र आपसांत बोलतात. गोष्ट व तिच्याभोंवतालचें बोलणें हीं दोन्ही ग्रंथकारानें मिळूनच दिलीं आहेत. आम्ही घरोघर काय करतों? एक रात्र मुलांस वाचून दाखवितों, आणि पुस्तक मिटतांच म्हणतों, 'पाहिलंस, आईचं कसं ऐकावं तें!' श्यामच्या मित्रांस जें मिळालें तें आमच्या मुलांस आम्हीच मिळूं देत नाहीं. ह्या अपराधांत आम्हीहि आहों.

लहानांकडे नीट लक्ष गेलें तें बालशिक्षणाच्या चळवळींत. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलें, १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें, व १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस होत्या. वारली मुलें गुरें राखावयास जात, म्हणून शाळाच त्यांच्या मागें कुरणांत नेली. ह्या मंडळींस एक गोष्ट प्रत्यक्षांत उमगली. जें मूल घरीं वारली बोलतें त्याच्यापुढें पुस्तकी मराठीचा धडा ठेवून तें गप्प बसलें, तर दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. धडा आणि मूल ह्यांच्यामध्यें बोलण्याचा सांकव कोणी घातलेला नाहीं. अनुताई व प्रा. रमेश पानसे यांनीं १९८२ सालीं ग्राममंगल संस्था काढिली. तींत कांहीं वर्षें काम केलेले नीलेश निमकर यांनीं २००७ सालीं क्वेस्ट ही संस्था स्थापिली. आणि ज्या सोनाळ्यानें आम्हांस फसविलें तें हेंच. म्हणजे आमची चूक आम्हांस कोसबाडच्या टेकडीखालींच घेऊन गेली म्हणावयाची.

ह्या नव्या पद्धतीचें स्वरूप काय? शिक्षकानें प्रथम गोष्ट स्वतः रंगवून वाचावी. मध्येंच थांबून पुढें काय होईल तें विचारावें. मग चार-सहा मुलांस घेऊन बसावें, व तीच किंवा तितक्याच अवघड अशी दुसरी गोष्ट त्यांच्या हातीं द्यावी. अमेरिकेंत पॅलिंक्सर व ब्राउन ह्या दोन विदुषींनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. त्यांनीं मुद्दाम अशीं मुलें निवडलीं कीं ज्यांस खडाखडा वाचतां येई, पण वाचलेलें समजत नसे. त्यांचे लहान गट केले, आणि पाळीपाळीनें प्रत्येक मुलास गटाचा गुरु केलें. त्या पाळीच्या गुरूनें चार कामें करावयाचीं: वाचलेल्याचा सारांश सांगावा, त्यावर प्रश्न काढावा, अडलेलें उलगडावें, आणि पुढें काय येईल त्याचा तर्क करावा. थोड्याच आठवड्यांत मुलांची समज वाढली, आणि ती टिकली. बेलच्या मॉनिटराशीं ह्याची तुलना करावी. तोहि गुरु, हाहि गुरु. पण तो कायमचा होता व हा पाळीचा. त्याच्याजवळ उत्तर होतें, ह्याच्याजवळ प्रश्न आहे. इंग्लंडांतील एडन चेंबर्स यांनीं १९९३ च्या आपल्या पुस्तकांत तर मुलांस एकसारखें 'कां, कां' विचारणें टाळावें, 'सांग पाहूं तुला काय वाटलें' असें म्हणावें, असें सुचविलें आहे. 'कां' म्हटलें कीं मुलास परीक्षा आठवते. हा अनुभव प्रत्येक आईस आहे.

इतकें सांगून झालें तरी वाचक विचारतील कीं, मुलें बोलून बोलून बोलणार काय? कावळा-चिमणीची गोष्ट घ्यावी. कावळ्याचें शेणाचें घर पावसांत वाहून जातें, तो चिमणीच्या मेणाच्या घराचें दार ठोठावतो, आणि ती बाळाचीं कामें सांगून त्यास ताटकळत ठेवते. शहरांतील मूल म्हणेल, चिमणी दुष्ट आहे. दुसरें म्हणेल, ती घरांत एकटी आहे, अनोळखी माणसास दार कसें उघडावें? तिसरें, ज्याच्या घरीं खरोखरच लहान बाळ आहे, तें सांगेल कीं बाळास न्हाऊं घालतांना उठतां येत नाहीं, आई मलासुद्धां थांब म्हणते. आणि कुडाच्या, शेणानें सारवलेल्या घरांत राहणारें चौथें मूल, जें आजवर वर्गांत बोललेलें नाहीं, तें म्हणेल कीं आमचें घर शेणाचेंच आहे, तें एका पावसांत कोठें वाहून जातें? चाळीस मुलांच्या वर्गांत हें चौथें वाक्य उच्चारलें जाणार नाहीं. उच्चारलें तर हंसूं होईल. चौघांत तें उच्चारलें जातें, आणि मग इतर तिघांस गोष्ट पुन्हां वाचून पाहावी लागते.

ह्या पद्धतीवर आक्षेप नाहींत असें नाहीं. गटांतहि एक धीट मूल सर्वांचें बोलणें आपणच बोलतें. मुली मुलींत आणि वस्तीचीं मुलें वस्तीच्या मुलांत बसलीं, तर शाळेबाहेरच्या भिंती गटाच्या रूपानें आंत येतात. गट कोणाचा करावा हें म्हणून शिक्षकानेंच ठरविलें पाहिजे, तें मुलांवर सोडूं नये. दोन शिक्षकांच्या शाळेंत एक गट घेऊन बसलें तर बाकीच्यांनीं काय करावें, ही अडचण खरी आहे. तिला उत्तर एवढेंच कीं बाकीच्यांस चित्राचें, लिहिण्याचें काम द्यावें व गटाचा वार ठरवावा. पालकांचा आक्षेप वेगळा: 'शाळेंत नुसत्या गप्पा चालतात, अभ्यास कधीं होणार?' त्यांस आम्ही आंकडा सांगूं. २०२२ च्या 'असर' पाहणींत भारताच्या ग्रामीण भागांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं मुलें शेंकडा ४२.८ निघालीं. आणि ही गणती केवळ मोठ्यानें वाचण्याची. त्यांतील किती जणांस तो उतारा समजला हें त्या आंकड्यांत येत नाहीं. घोकण्याला आपण दीडशें वर्षें दिलीं, त्याचा हा हिशेब आहे.

आतां आमच्या पहिल्या सोनाळ्याकडे परत येऊं. तें गांव ज्या रांगेच्या पायथ्याशीं आहे त्या रांगेंत मराठी ही अनेक मुलांची घरची भाषा नव्हे. कोरकू तेथें बोलली जाते. ती मुंडा कुळांतली, मराठीशीं तिचें नातें नाहीं. शेजारच्या जळगांव जामोदकडे निहाली बोलणारे थोडे लोक आहेत, आणि त्या भाषेचें तर जगांतील कोणत्याच भाषेशीं नातें अद्याप जुळलेलें नाहीं. भाषापंडित तिच्यासाठीं दूरदूरून येतात. त्या भाषेंतील मूल मात्र पहिलीच्या वर्गांत मराठी वाचनपाठासमोर बसतें, अक्षरें जोडतें, आणि शब्द मोठ्यानें म्हणतें. आम्हीं सोनाळ्याचें नांव वाचलें तसेंच. त्याची चूक सांगावयास स्नेही कोण? शिक्षकास निहाली येत नाहीं. पण त्याच्या शेजारीं वर्षभर वडील असलेलें, दोन्ही भाषा थोड्या थोड्या येणारें, त्याच आळींतलें मूल बसलें असेल, तर तें सांगूं शकतें. लहान गटाचा खरा उपयोग आम्हांस येथें दिसतो, आणि तो पुण्या-मुंबईच्या शाळांपेक्षां येथें दसपट आहे. त्यासाठीं शाळेस खर्च फार नाहीं: गोष्टींचीं दहा-वीस पुस्तकें, आठवड्यांतून दोन वेळ अर्धा तास, आणि उत्तर ठाऊक असूनहि तें तोंडांत धरून ठेवणारा शिक्षक. हें तिसरेंच दुर्मिळ.

अशा गटांत कावळा-चिमणीची गोष्ट निघाली तर शेणाच्या घराचा प्रश्न निघेलच. पण वऱ्हाडांतलें मूल तेवढ्यावर थांबणार नाहीं. वैशाखांत जेथें दुपारीं अंगणांत पाय ठेववत नाहीं, तेथलें तें मूल आहे. चिमणीचें मेणाचें घर पावसाळ्यापर्यंत टिकलें कसें, हें तें विचारील.